डायनामो कोमट का लागला

बायको गेली तसा माझा कुणावर भरवसा राहिला नाही. पोटच्या पोरावर तर अजिबात नाही. तो हापिसात जातो, गोड बोलतो. आमचा जुना ट्रक घरामागं पत्र्याखाली उभा असतो. त्याच्यावर मी श्रीपूरच्या कारखान्याला ऊस ओढला, शेजारच्या सीटवर तिला बसवून टेंभुर्णीपातूर कितीदा गेलो. पोरगा म्हणाला, "आण्णा, रविवारी सकाळी चालू झाला न्हाय तर भंगारवाल्याला बोलवतो. माझ्या बायकोला वाळवण घालायला जागा हुईल."

त्या दिवसापासून बॅटरी मरायला लागली. दुकानातनं भरून आणायची, संध्याकाळी इंजिन चालवून बघायचं, झ्याक चालायचं. सकाळी बघावं तर दिवासुद्धा लागत नाही. मी ओळखलं, हे पोराचंच काम. बॅटरीच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी कुलूप जागच्या जागी आणि बॅटरी मेलेली. म्हटलं, दुसरी किल्ली केली असंल.

शनिवारी उठल्या उठल्या बॉनेट उघडलं. बॅटरी भरणाऱ्या डायनामोवर हात ठेवला तर कोमट. म्हणजे रात्री कुणीतरी गाडी चालवली. मग रेडिएटरला हात लावला. गार दगड. चालवली असती तर तोबी तापला असता की.

तिथं माझं डोकं थांबलं. मग कटआऊट आठवला, ती इंजिनाजवळची डबी. इंजिन बंद झालं की डायनामो आणि बॅटरी यांच्यातली वाट कटआऊट तोडतो. तो चिकटला तर भरलेली बॅटरी उलटी डायनामोतच रिकामी होते आणि गाडी उभी असूनबी तो कोमट राहतो. बॅटरीची तार सोडून कटआऊटचं झाकण काढलं. पॉइंट एकमेकांना धरून बसले होते. पॉलिश पेपरनं घासले, बॅटरी परत भरून आणली.

पण चार्जिंग बघायला दोन माणसं लागतात. मी इंजिनापाशी असायचो, बायको केबिनमधी चार्जिंगच्या काट्यावर नजर ठेवायची. तिला आकडे येत नव्हते. काटा उजवीकडं गेला की म्हणायची "भरतंय", डावीकडं गेला की "गळतंय". आता हाक कुणाला मारणार? शेवटी पोरालाच हाक मारली. तो चप्पल घालत आला, केबिनमधी चढला. मी रेस वाढवली.

"काय दिसतंय?"

"भरतंय, आण्णा."

मी मान वर केली नाही. हे त्याला मी कधी शिकवलं नव्हतं. लहानपणी तिच्या मांडीवर बसायचा, तेवढंच.

इंजिन बंद केलं. "आता?"

"काटा मधी. गळत न्हाय."

रविवारी डायनामो गार लागला. ट्रक एका झटक्यात चालू झाला. भंगारवाला आला नाही.

"तू सांगितलंच नव्हतंस व्हय त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं हुतं. काल संध्याकाळी नको म्हटलं."

बघू. कुलूप अजून काढलेलं नाही.