हॅनाला कुणी सांगितलं नाही

वसुधामावशी सांगलीहून नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आली ती नीलांबरीचं घर सांभाळायला. नातं लांबचं, पण नीलांबरी आल्यागेल्याला आवर्जून सांगे, "मावशी घरचीच आहे." घरच्या माणसाबद्दल असं सांगावं लागत नाही, पण असो. मावशी पोळ्या लाटायची, भांडी घासायची, नीलांबरीच्या चार वर्षांच्या लेकीला, चैत्रालीला, शाळेतून आणायची.

मागे सांगलीत तिचा एकच भाऊ होता, मोरेश्वर. त्याची किडनी गेली होती आणि आता तो दिवस मोजत होता. मावशीचा बटणांचा फोन इथे चालेना, म्हणून सांगलीचे फोन नीलांबरीकडे येत. "मला एकदा त्याचं तोंड बघू दे गं," मावशी रोज म्हणायची.

"रविवारचं व्याख्यान होऊ दे, सोमवारचं तिकीट काढते," नीलांबरी म्हणायची. मराठी मंडळाची साठ माणसं येणार होती आणि त्यांच्यासाठी खोबऱ्याच्या वड्या मावशीशिवाय कोण करणार?

नीलांबरी इतिहासाची संशोधक. गुरुवारी तिनं स्वयंपाकघरात भाषण वाचून दाखवलं. अमेरिकेतलं अटलांटा, दीडशे वर्षांपूर्वीचं युद्ध, तळघरात लपलेल्या बायका, जळलेलं शहर, राखेतून विटा वेचून पुन्हा उभारलेली घरं. अशाच एका घरात हॅना नावाची गुलाम बाई राबत होती. युद्ध संपलं, ती मोकळी झाली. पण मालकिणीनं डायरीत लिहिलंय, घरात बाळंतीण होती, सांगितलं असतं तर हॅना निघून गेली असती.

"म्हणजे सांगितलंच नाही?" वडी थापता थापता मावशीनं विचारलं. "काय काळजाची बाई म्हणायची ही."

"तेच तर माझं संशोधन, मावशी," नीलांबरी म्हणाली आणि पान उलटलं.

रविवारी हॅनाची गोष्ट ऐकून लोकांनी डोळे पुसले. वड्या संपल्या.

घरी आल्यावर नीलांबरीनं मावशीला खुर्चीवर बसवलं आणि तिचे हात हातात घेतले. "मोरूमामा गेले, मावशी. बुधवारीच फोन आला होता. तू इतक्या कामात होतीस, म्हटलं रविवार होऊन जाऊ दे."

मावशी रडली नाही. बोटांना अजून खोबऱ्याचा वास येत होता. तिनं विचारलं, "त्या बाईनं हॅनाला किती दिवस सांगितलं नव्हतं?"

"सात आठवडे," नीलांबरी बोलून गेली.

"तू चारच दिवस," मावशी म्हणाली. "शिकलीस त्याचा एवढा तरी उपयोग झाला."