उपाशी आतडं

"गुरुजी, लहान आतडं एका जागी आवळलंय. ऑपरेशन करावं लागेल," एक्स-रे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशी मला खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजलं होतं. त्याला बेरियम म्हणतात. ते आतड्यातून कसं सरकतं ते एक्स-रेत दिसतं. माझं मध्येच अडलं होतं. अशा आवळलेल्या जागेला स्ट्रिक्चर म्हणतात. जेवल्यावर उठणारी कळ, उलट्या, सहा महिन्यांत उतरलेलं अंग, सगळ्याचं मूळ तिथं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मी सोलापुरात एका शाळेत संस्कृत शिकवत होतो. ऑपरेशन ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र डॉक्टरांना सांगत बसलो, "आतडं म्हणजे मूळचं अन्त्र. अन्तर् म्हणजे आत, त्यावरून आलेला शब्द." डॉक्टरांना मजा वाटली. ग्रीकमध्ये एन्टेरॉन म्हणतात, तो याचा लांबचा भाऊबंद असणार, असं ते म्हणाले. झालं, त्या घटकेपासून हे डॉक्टर माझे झाले. इतर पेशंटांना ते फक्त तपासतात, माझ्याशी बोलतात, अशी मी समजूत करून घेतली.

शेजारच्या कॉटवर नरसय्या होता. तेलुगू विणकर, चादरी विणणारा. दुखणं माझंच, ऑपरेशनही एकाच दिवशी. माझं नऊ इंच आतडं कापलं, त्याचं चार. पहिला हेवा मला त्या पाच इंचांचा वाटला.

ऑपरेशननंतर आतडं काही दिवस झोपी जातं. अन्न पुढे ढकलण्याची त्याची जी हालचाल असते, तिला पेरिस्टाल्सिस म्हणतात. ती सुरू होईपर्यंत तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. नाकातून पोटात नळी, हाताला सलाईन. हालचाल सुरू झाली हे कळायची खूण एकच, वारा सरणं. त्यामुळे आमच्या वॉर्डात सकाळी कुणी कुणाला "बरं वाटतंय का" असं विचारत नसे. डॉक्टर, सिस्टर, डबा घेऊन आलेली परकी माणसं, सगळे एकच विचारत, "वारा सरला का?" वेदमंत्रांचे उच्चार तासून घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला चारचौघांत याचं उत्तर द्यावं लागे.

तिसऱ्या दिवशी नरसय्याने डॉक्टरांना सहज विचारलं, "सायेब, आमचं जे कापलं, त्याला नाव काय हाय?"

डॉक्टर चक्क त्याच्या कॉटवर टेकले. लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उपाशी, असं त्यांनी सांगितलं. जुन्या काळी मेलेल्या माणसांची पोटं उघडून पाहणाऱ्या वैद्यांना हा भाग नेहमी रिकामा सापडे, म्हणून हे नाव.

"म्हंजे उपाशीच कापलं की आमचं!" नरसय्या म्हणाला आणि टाके धरून हसला. डॉक्टरही हसले. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. शब्दाचं मूळ सांगायचं, तेही माझ्या पोटातल्या शब्दाचं, आणि ते त्याला? नाकात नळी घेऊन मी जळत पडलो.

चौथ्या दिवशी त्याचा वारा सरला. सिस्टरने नळी काढली, पाणी दिलं, संध्याकाळी कपभर चहा. त्याची बायको, भाऊ, भावजय कॉटभोवती लग्नघरासारखी जमली. नरसय्या माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड वळवून चहा प्यायला. मला वाटलं, बघा, केवढा तोरा!

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी माझ्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. "आवाज अजून मंद आहेत. वारा सरला का, गुरुजी?"

शेजारच्या कॉटवरून चहाचा वास येत होता.

"हो," मी म्हणालो. "पहाटेच."

नळी निघाली. मी घोट घोट पाणी प्यालो, अर्धा कप चहाही प्यालो. दुपारी पोट ढोलासारखं फुगलं. हिरवी उलटी झाली, मग दुसरी. डॉक्टर धावत आले. पुन्हा नळी घालता घालता ते सिस्टरला म्हणाले, "आतडं चालू झालं होतं, मग एकाएकी हे काय? टाके गळताहेत की काय? थिएटर तयार ठेवा, पुन्हा उघडावं लागेल."

बायको कॉटची दांडी धरून उभी होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारा मी, माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. मी पुन्हा चाकूखाली जायला तयार झालो, पण खोटं कबूल करायला नाही.

"सायेब," नरसय्या म्हणाला, "मास्तरांचं वारं सरलंच न्हाय. आमचं काल सरल्यापास्नं कान तिकडंच हाय. घरची रोज इचारत्यात, शेजारच्या मास्तरांचं सरलं का म्हणून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "थिएटर राहू द्या," ते एवढंच म्हणाले. बायकोने पदराने माझं तोंड पुसलं, तेही जरा जोरातच.

दोन दिवस नळीतून हिरवं पाणी निघत राहिलं. या दोन दिवसांत एकदा मी नरसय्याला विचारलं, "त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून का प्यालात चहा?"

"तुमचं तोंड कोरडं, आन् तुमच्या म्होरं कसं प्यायचं?" तो म्हणाला.

सातव्या दिवशी सकाळी माझा वारा सरला. चांगला दणदणीत. पण सांगू कुणाला? एकदा खोटं बोललेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात शेजारून हाक गेली, "सिस्टर, ह्या बारीला खरं हाय! म्या ऐकलं!" सगळा वॉर्ड हसला. आयुष्यात पहिल्यांदा माझी फजिती मला गोड लागली.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांशी खोटं बोलू नका. शेजारच्या कॉटशी शर्यत लावू नका, त्याचं आतडं वेगळं, तुमचं वेगळं. आणि जमलं तर तुमच्या शेजारी नरसय्या असावा.

त्या संध्याकाळी मला चहा मिळाला. नरसय्याने आपला कप हातातच धरून ठेवला होता. माझा आला तेव्हा तो माझ्याकडे तोंड करून बसला आणि आम्ही बरोबरच प्यालो. त्याचा कप काठोकाठ होता, माझा अर्धा, हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. त्यालाही ते दिसलं असावं. सिस्टरची पाठ वळल्यावर त्याने आपल्या कपातला चहा माझ्या बशीत ओतायला हात पुढे केला, आणि मी, जन्माचा हेवेखोर माणूस, बशीवर हात ठेवून नको म्हणालो.