नाताळच्या झाडावर जनीचे राघू

कुळगावात शुभ काय आणि अशुभ काय हे माई ठरवायची. पंचांग भटजींकडे असायचं, पण मुहूर्त काढला की भटजीसुद्धा आधी माईच्या ओटीवर येऊन बसायचे. माई म्हणजे जयदेव पाटलाची आई. ती स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेली. पण पाटलाच्या आईचं वैधव्य वेगळं आणि माझ्या शेजारणीचं, जनीचं, वैधव्य वेगळं, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. मला तेवढं ते कधी समजलं नाही, आणि आज म्हातारपणी आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

जनी बाशिंगवाल्यांची सून. तिच्या आणि माझ्या घरात एक कुडाची भिंत, म्हणजे तिकडे खोकलं तर इकडे कळणार. लग्नसराई आली की तिचा सासरा, पुढे नवरा बाळा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त जनीच, भेंडाचा पांढरा हलका गर सुरीनं सोलून त्याचे राघू, कळ्या, चांदण्या कोरायची. वरून चकचकीत बेगड, खाली रंगीत कागद, आणि झालं नवरानवरीच्या कपाळाचं बाशिंग. त्यांच्या घरची एक रीत होती. मधली चांदणी पोकळ ठेवायची आणि मिटवायच्या आधी तिच्यात तांदळाचा एक दाणा टाकायचा. रिकाम्या पोटाचं बाशिंग आपल्या उंबऱ्याबाहेर जायचं नाय, असं सासरा म्हणायचा. कानाशी धरून हलवलं की बारीक खुळखुळायचं. आजूबाजूच्या गावांत दुसऱ्या कुणाचं बाशिंग असं वाजत नसे. माई लग्न होऊन कुळगावात आली ती याच घरचं बाशिंग बांधून.

स्वातंत्र्य मिळालं त्यानंतर दोनेक वर्षांत बाळा तापानं गेला. मागे जनी आणि लहानगी आवडी. पुढची लग्नसराई आली, जनीनं भेंड आणून ठेवलं, आणि माईनं ओटीवर बसून सांगितलं, "बिचारीचा काय दोष नाय. पण शुभाला तिचा हात नको."

कुणी जनीला वाईट बोललं नाही. सगळे गोड बोलले, वालाच्या शेंगा आणून दिल्या, तांदूळ आणून दिले, आणि बाशिंगं कल्याणहून आणली. भांडले असते तर मीही पदर खोचून भांडले असते. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं?

जनी रडली नाही. एकदाच कुडापलीकडून म्हणाली, "गावाचं राहू दे गं कुंदे. पण माझ्या आवडीच्या कपाळाला दुसऱ्याच्या हातचं बाशिंग बांधायचं, हे मला सोसायचं नाय."

मी म्हटलं, "आवडी अजून परकरात आहे. तोवर माई सुधारेल."

"नायतर मरेल," जनी म्हणाली. माई दोन्हीपैकी काहीच करणार नव्हती.

त्या दिवसांत अंबरनाथहून कुमुदिनीबाई येत. त्यांचे यजमान तिथल्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि बाईंना खेड्यातल्या स्त्रियांचा उद्धार करण्याची भारी हौस. टांग्यातून उतरायच्या, नाकाला रुमाल लावायच्या आणि आम्हाला भगिनींनो म्हणायच्या. त्यांनी जनीच्या दारात टांगलेला भेंडाचा राघू पाहिला आणि तिथेच उभ्या राहिल्या. कारखान्यात गोरे साहेब होते, त्यांच्या मडमांसाठी नाताळच्या आधी क्लबात हस्तकलेची विक्री भरायची. तिथे हे राघू ठेवू, असं त्यांचं म्हणणं पडलं.

जनीनं विचारलं, "नाताळ म्हंजे काय असतंय?"

"त्यांच्या देवाचा जन्म."

"म्हंजे बारसं. पाळण्याला टांगायचं सामान."

"पाळण्याला नाही हो, झाडाला. घरात झाड उभं करतात."

जनीनं जरा विचार केला. देव त्यांचा, घर त्यांचं, झाडही त्यांचंच. मग तिनं खरा प्रश्न विचारला, "माझ्या हातचं चालंल का त्यांना? मी अशी."

कुमुदिनीबाई हसल्या. "अहो, तुम्ही अशा आहात म्हणूनच जास्त चालेल."

आणि चाललं. मी सोबतीला गेले होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं. टेबलावर जनीच्या चांदण्या, राघू, कळ्या, आणि पुढे बाईंनी उभी केलेली पाटी. तिच्यावर काय आहे ते त्यांनीच वाचून दाखवलं. निराधार विधवा भगिनीची कला. मडमा यायच्या, पाटी वाचायच्या, मान तिरकी करून जनीकडे बघायच्या आणि विकत घ्यायच्या. कुळगावात जे नडलं ते अंबरनाथला खपलं. जनी मागे पदर सावरून उभी, आपलं वैधव्य एवढं कामाला येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. एका मडमेनं चांदणी कानाशी हलवली आणि दुसरीला ऐकवली. कारण जनीनं प्रत्येक चांदणीत दाणा टाकला होता. मी तिला म्हटलंही होतं, तांदूळ कशाला फुकट घालवतेस, त्यांना काय कळतंय? तर म्हणाली, "बारसं हाय ना? मंग पोराच्या डोक्यावर रिकाम्या पोटाचं कसं टांगू?"

टेबल रिकामं झालं. जनी घरी आली ती पाटलिणीसारखी चालत. आवडीला परकराचं कापड घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या नाताळच्या तयारीला बसली. अख्खा पावसाळा ती कोरत होती. राघू, मोर, चांदण्या; घरात पाय ठेवायला जागा नाही, आवडी राघू बाजूला करून झोपायची. बायका विचारायच्या, कुणाचं एवढं लगीन निघालंय गं? जनी म्हणायची, "साहेबाच्या देवाचं दरसाल बारसं असतं."

दरसाल असतं हे खरंच होतं. पण दुसऱ्या वर्षी त्याच मडमा टेबलाशी आल्या, जनीला ओळखून हसल्या, चांदण्या हलवून पाहिल्या आणि पुढे लोकरीच्या मोज्यांकडे गेल्या. कुमुदिनीबाईंनी चौकशी करून आम्हाला सांगितलं, "त्यांच्याकडे गेल्या वर्षीचं आहे ना. कापसात गुंडाळून पेटीत ठेवलंय. म्हणतात, अगदी नव्यासारखं आहे, कितीही वर्षं जाईल."

जनीचा चेहरा मी विसरणार नाही. बाशिंग एका लग्नाचं. कार्य झालं की ते आढ्याला बांधायचं आणि पुढच्याला नवं करायचं, हे तिच्या घरात पिढ्यान्पिढ्या चाललेलं. शुभकार्याची वस्तू कुणी पेटीत घालून पुन्हा काढेल, हे तिच्या डोक्यात येणार कुठून?

"एवढाले साहेब," ती परतताना म्हणाली, "आणि पोराच्या बारशाला शिळं सामान वापरतात."

"तू इतकं मजबूत केलंसच कशाला?" मी म्हटलं. मला रागही येत होता आणि हसूही. कुमुदिनीबाईंनी तिला विणकाम शिकायचा सल्ला दिला आणि उद्धारासाठी दुसरं गाव धरलं.

घरात तो सगळा ढीग. उंदीर दाण्यांसाठी चांदण्या फोडायला लागले. शेवटी मी आणि जनी दोन टोपल्या भरून उल्हासनगरला, कॅम्पात गेलो. तिथे फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांनी लष्कराच्या जुन्या बराकींच्या तोंडाशीच दुकानं मांडली होती. त्यातल्या टोपणदास शेठच्या दुकानात बटणं, रिबिनी, लेस मिळायची. तिकडे सिंधात शिकारपूरला त्याची मोठी पेढी होती म्हणे. इथे एका फळीवर बसायचा. पण बसायचा मात्र पेढीवर बसल्यासारखाच. त्यानं टोपलीत हात घातला, दोन राघू आणि एक चांदणी उचलली, मखमलीच्या पट्टीवर मांडली आणि म्हणाला, "बाई, तोता इधर, तोता उधर, तारा बीच में. ऐसा पट्टी पे सिलाई करके लाव. शादी में माथे पे बांधने को चलेगा."

मी जनीकडे बघितलं, जनीनं माझ्याकडे. बाशिंगवाल्याच्या सुनेला हा माणूस बाशिंग कसं करायचं ते शिकवत होता. जनीनं एवढंच विचारलं, "शेठ, गिऱ्हाईक विचारेल, कुणी केलं म्हणून."

"कौन पूछता है? दुकान का माल है."

तेवढ्या एका वाक्यानं माईचा सगळा शास्त्रार्थ निकालात निघाला. दुकानात हात दिसत नाही. दोनतीन लग्नसराया गेल्या नाहीत तोच आमच्याकडे कॅम्पाच्या बाशिंगाची फॅशन आली. कल्याणचं बाशिंग जुनाट ठरलं. कुळगावची माणसं लग्न ठरलं की गाडीनं कॅम्पात जायची, जनीच्या दारावरून जायची, आणि येताना जनीचंच बाशिंग दामदुपटीनं घेऊन यायची. माई ओटीवरून सांगायची, "विलायती असतंय ते." आणि जनी कुडापलीकडे बसून पुढची टोपली भरायची. मी कितीदा म्हटलं की मी जाते आणि चव्हाट्यावर सांगून येते. ती म्हणायची, "गप बस. आवडीचं होऊ दे आधी."

मग आवडीचं जमलं. हेंद्रेपाड्याचं घर, मुलगा कारखान्यात लागलेला, आणि मुलाची आई विठाबाई, सगळं कसं रीतीनं व्हायला हवं म्हणणारी. बोलणी माईच्या ओटीवरच झाली. साडीचं ठरलं, मानापानाचं ठरलं, आणि विठाबाई हळूच म्हणाली, "बाशिंग मात्र मुलीच्या घरचं नको हां. राग नका मानू."

"कॅम्पातून आणू," माई म्हणाली. "विठाबाई, तू पण ये, मी पण येते. जनी, चालंल ना?"

"चालंल," जनी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला धडकी भरली.

अख्खा फाल्गुन ती त्या एका जोडीवर बसली. असे राघू तिनं आधी कधी कोरले नव्हते. एकेक पीस वेगळं दिसायचं. जोडी टोपणदासकडे नेऊन ठेवली आणि सांगितलं, आम्ही येऊ त्या दिवशी पुढे काढ, तोवर कुणाला दाखवू नको. शेठनं मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यालाही मुली होत्या.

आम्ही चौघी गेलो. विठाबाईनं फळीवर नजर टाकली आणि बोट ठेवलं ते नेमकं मुंबईहून आलेल्या आरशांच्या बाशिंगावर. "हे झकास हाय."

जनी दुकानाच्या पायरीवर बसली होती, तिची नजर खाली. शेठनं जनीची जोडी काढून पुढे ठेवली, म्हणाला, "ये देखो, माई." विठाबाईनं नाक मुरडलं. "यात आरसे कुठं हायत?"

मग माईनं ते बाशिंग हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, आणि कानाशी नेऊन हलवलं. बराच वेळ ते तिथेच धरून राहिली. मला वाटलं, संपलं आता. हिच्या स्वतःच्या कपाळावर हे वाजलेलं आहे, ही ओळखणार नाही तर कोण? माईनं पायरीकडे पाहिलं. जनीनं वर पाहिलं नाही.

"हेच घ्यायचं," माई म्हणाली. "आरसे काय, फुटतात."

माईनं म्हटल्यावर विठाबाई काय बोलणार? पण पैसे जनी देणार असूनही तिनं सवयीनं भाव करायला घेतला. भेंडाला इतकं कुठं असतं, शेठ, बेगडाचा तुकडा तर हाय, निम्म्यात द्या. शेठ गोंधळून जनीकडे बघायला लागला. तेव्हा जनी पायरीवरून उठली.

"विहीणबाई, भाव नका करू," ती म्हणाली. "ज्यानं केलंय त्यानं डोळे फोडून केलंय. सांगतात ते देऊ."

आणि पदराची गाठ सोडून पुरते पैसे मोजले, आपल्याच बाशिंगाचे. आयुष्यात मी पुष्कळ बाजार केले, पण विकत घेणारा भाव धरून बसलेला तेवढा एकदाच पाहिला. शेठनं पैसे घेतले. घ्यावेच लागले, माई बघत होती.

लग्नाच्या दिवशी बाशिंग बांधायला सवाशिणी पुढे झाल्या आणि जनी रीतीप्रमाणे मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आवडीच्या कपाळाला गाठ बसली आणि पोरीनं मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, हळूच. बायका म्हणाल्या, रडतेय बिचारी. ती रडत नव्हती, ऐकत होती. दारात जनीनं पदर तोंडात धरला. मला तिथे रडू फुटलं, आणि तिच्याइतकीच मीही आनंदात होते.

जेवणाच्या पंगती उठल्यावर माई जनीच्या ओटीवर बसली होती, तिनं मला बोलावलं. मी म्हटलं आज विचारूनच टाकते. "माई, तुम्हाला ते बाशिंग कुणाचं ते कळलं होतं ना?"

"दुकानातून आलं ते दुकानाचं," माई म्हणाली. तिनं सुपारी कातरली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पुढच्या साली आमच्या घरात लगीन हाय. जनीला म्हणावं, कॅम्पात माल वेळेवर येऊ दे. आणि भाव जरा बघून लाव म्हणावं, घरातलंच हाय."

मी तो निरोप घेऊन आत गेले. जनी चुलीपुढे एकटी जेवत होती. तिनं ऐकून घेतलं, हातातला घास खाल्ला, पाणी प्यायली.

"माईला सांग," ती म्हणाली, "दुकानात भाव होत नाय."

मी गेले आणि तसंच सांगितलं.