वीतभर ऑफसाइड

पुणे शहरात दुसऱ्याची चूक काढणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण चूक घडत असतानाच, जागच्या जागी, हात वर करून ती जाहीर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भावजी म्हणते म्हणून मीही भावजीच म्हणतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी हयातभर नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांत लाइन्समनचं काम केलं. म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं झेंडा घेऊन धावायचं आणि एखादा खेळाडू बचाववाल्यांच्या पुढे जाऊन चेंडूची वाट बघत उभा राहिला की झेंडा वर करायचा. याला ऑफसाइड म्हणतात. हे ज्ञान मला त्यांनी आमच्या पहिल्या दिवाळसणाला, सासुरवाडीत, माझ्याच फराळाच्या ताटात दिलं. करंज्या बचावाला होत्या, अनारसा पुढे घुसला होता आणि शंकरपाळा हा चेंडू होता. समजावून होईपर्यंत त्यांनी मला एकाही खेळाडूला हात लावू दिला नाही. चहा गार झाला तो वेगळाच.

नोकरीतून ते निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा हात काही निवृत्त झाला नाही. एका भाचीच्या लग्नात बुफेच्या रांगेत मुलाकडचे एक वजनदार मामा मध्येच घुसले, तेव्हा भावजींनी हातातला नॅपकिन उंच धरला. तोंडानं अवाक्षर नाही. मामांना वाटलं, पोळ्या संपल्याची खूण असावी. मग भावजी म्हणाले, "आपण पुढे आहात. मागे चला." मामा मागे गेले, पण वरपक्ष पुढची दोन वर्षं आमच्याकडे फिरकला नाही. भावजींचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. एकदा त्याचं ऑफिस बघायला म्हणून गेले आणि सिग्नलला कंपन्यांच्या बसगाड्या झेब्रा पट्ट्यांवर चढून उभ्या दिसल्या. झालं, यांनी चौकात उतरून रुमाल वर धरला. त्या दिवशी तिथे केवढा खोळंबा झाला, पण तो रोजच्यापेक्षा काही वेगळा आहे असं कोणाच्या लक्षातच आलं नाही, याचं भावजींना फार वाईट वाटलं. घरी ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, आमटी आधी वाढली आणि भात मागून आणला तरी हात वर. त्या बाईनं चाळीस वर्षं असा संसार केला आहे. तिच्यासाठी एखादा चषक ठेवायला हवा होता.

चषक म्हटला की भावजींच्या लेखी एकच, फुटबॉलचा राष्ट्रीय चषक. सारं शहर क्रिकेटच्या नादानं वेडं झालेलं असताना हा गृहस्थ दिनदर्शिकेच्या जुन्या पानांच्या पाठीवर राष्ट्रीय चषकाचा तक्ता आखत बसायचा. दोन बाजूंनी दोन वाटा निघायच्या, एक निळी, एक हिरवी. पहिली फेरी, दुसरी फेरी, उपांत्यपूर्व, उपांत्य, असं करत त्या मधल्या एका चौकटीत येऊन भेटायच्या. कुठल्या मिनिटाला कोणी गोल केला, कोणाला मैदानाबाहेर काढलं, कोणाची गाडी चुकली, सगळं बारीक अक्षरात. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत या तक्त्यांनी भरलेली. मुलाला सांगून आलेल्या एका मुलीच्या वडिलांना ती भिंत म्हणजे घराण्याची वंशावळ वाटली आणि त्यांनी आदरानं हात जोडले. भावजींचं म्हणणं असं, की अंतिम सामना काय, कोणीही येऊन बघतो. तिथवर कोण कसा आला ते माहीत नसेल तर तो बघण्याचा हक्क नाही. म्हणून अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागायची: "उपांत्य फेरी न पाहिलेल्यांनी बेल वाजवून आपला व आमचा वेळ घालवू नये." दारात तोंडी परीक्षा. मी धनकवडीहून खडकीला जाताना बसमध्ये अक्षरशः घोकंपट्टी करत जायचो. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पोरांचे कान पिळले, त्याची फेड ही अशी झाली.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक सामना होता. तो सव्वीस वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी खडकीच्या कारखान्याचा संघ कसा कोण जाणे, राष्ट्रीय चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत जाऊन पोचला होता आणि सामना पुण्यातच होता. नेमलेला लाइन्समन आलाच नाही. आयत्या वेळी भावजींना विचारलं. ते त्याच कारखान्याचे, म्हणून पाहुण्या संघानं हरकत घ्यायला हवी होती. पण त्यांच्या मॅनेजरला कोणीतरी सांगितलं, की हा माणूस सख्ख्या आईलाही ऑफसाइड देईल. त्यांनी आनंदानं होकार दिला. सामना बरोबरीत चाललेला, शेवटची दोन मिनिटं उरलेली, आणि कारखान्याच्या सेंटर फॉरवर्डनं चेंडू जाळ्यात मारला. खडकी नाचायला लागली. नाचता नाचता कोणीतरी कडेला बघितलं, तर भावजींचा झेंडा वर. गोल रद्द. जादा वेळेत कारखाना हरला, पाहुणे जिंकले आणि पुढे चषकही त्यांनीच नेला.

हा सेंटर फॉरवर्ड भावजींचा जिवाभावाचा मित्र. एकाच खात्यात काम, समोरासमोरचे क्वार्टर, रोज एका स्कूटरवरून जाणं-येणं. त्या संध्याकाळपासून त्यानं बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर त्याच्या दारावरून सावकाश गेली, थांबली, पुढे गेली. असं महिनाभर चाललं म्हणतात. निवृत्त झाल्यावर तो कात्रजला, डेअरीच्या मागे, राहायला गेला. भावजी म्हणायचे, "खडकीपासून याहून लांब जाता येत नव्हतं, नाहीतर गेला असता." आणि लगेच पंजा पसरून अंगठा न् करंगळी ताणायचे: "पण वीतभर पुढे होता. वीतभर!" ती वीत मी इतक्या वेळा बघितली आहे, की मला त्यांच्या हाताच्या रेषाही पाठ झाल्या.

गंमत अशी, की दरवर्षी अंतिम सामना झाला की भावजी तक्त्याची एक स्वच्छ प्रत काढायचे आणि ती कात्रजला पोचवायची कामगिरी माझ्यावर यायची, कारण मी जवळ राहतो. सोबत चिठ्ठी नाही, नमस्कार नाही. नुसता तक्ता. मी बेल वाजवायचो, ते गृहस्थ दार अर्धं उघडायचे, गुंडाळी बघायचे आणि म्हणायचे, "ठेवा तिथे." तिथे म्हणजे चपलांच्या स्टँडवर. दार बंद. एवढ्या वर्षांत त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटायचं, ते तक्ते रद्दीत जात असणार.

मग यंदा भावजींच्या मुलाला अमेरिकेत पाठवायचं ठरलं आणि त्यानं आईवडिलांना कायमचं बरोबर न्यायचं ठरवलं. फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं. म्हणजे खडकीतला हा शेवटचा अंतिम सामना. यंदा गोव्याचा एक जुना, मातब्बर संघ चार सामने रमतगमत जिंकून आला होता. समोर होता ईशान्येकडच्या डोंगरातला एक नवखा संघ. त्यांची वाट म्हणजे नुसती ठेचकाळत आलेली: पहिल्या फेरीत गोलकीपरनं मारलेला चेंडू वाऱ्यानं थेट समोरच्या जाळ्यात नेला, दुसऱ्या फेरीत पेनल्टींवर सुटका, उपांत्यपूर्व फेरीत शेवटच्या दहा मिनिटांत गोल, उपांत्य फेरीत नऊच खेळाडू उरले असताना विजय. भावजींनी त्यांची हिरवी वाट तक्त्यावर इतक्या मायेनं काढली होती, की तेवढी माया मुलाच्या पत्रिकेवरही केली नव्हती. आणि या खेपेला त्यांनी सामन्याआधीच अर्धा तक्ता माझ्या हातात दिला. खाली पहिल्यांदाच दोन ओळी होत्या: "अंतिम सामना रविवारी दुपारी. आम्ही पुढच्या महिन्यात जात आहोत." कात्रजकर म्हणाले, "ठेवा तिथे." मी खडकीला फोन करून तसंच सांगितलं. पलीकडून फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

रविवारी मुलाचे चार मित्र आले. चौघांच्याही अंगात विलायतेतल्या कुठल्याशा क्लबच्या जर्सी. तिकडच्या राखीव गोलकीपरच्या बायकोचं नाव यांना ठाऊक, पण आपल्या देशात असा चषक आहे हे आदल्या रात्री कळलेलं. भावजींनी दारातच विचारलं, "डोंगरवाले पहिल्या फेरीत कोणाशी खेळले?"

"अंकल, ॲक्च्युअली हायलाइट्स मिस झाल्या यार."

चौघेही नापास. मुलगाही नापास. पाचही इंजिनिअर गॅलरीत उभे राहून खिडकीतून टीव्ही बघू लागले. मी काठावर पास झालो. सामना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात कात्रजचे गृहस्थ होते, पांढरा शर्ट इस्त्रीचा, हातात छत्री. भावजी उठले. घसा साफ केला. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस "या" म्हणेल. पण ते म्हणाले, "डोंगरवाले पहिल्या फेरीत कोणाशी खेळले?"

ताईंनी कपाळावर हात मारला. कात्रजकरांनी मात्र शांतपणे चारही फेऱ्या म्हणून दाखवल्या, गोलांच्या मिनिटांसकट. मग म्हणाले, "तुमच्या तक्त्यात उपांत्यपूर्व फेरीचा गोल एकोणऐंशीव्या मिनिटाला लिहिलाय. तो एक्क्याऐंशीव्याला झाला. अकरा वर्षांपूर्वीच्या तक्त्यातही एक चूक आहे. ती नंतर सांगतो."

भावजी दारातून बाजूला झाले.

दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले आणि मध्ये मी. शून्य-शून्य असा तो सामना शेवटाकडे आला, आणि अगदी अखेरच्या मिनिटांत डोंगरवाल्यांच्या एका पोरानं चेंडू जाळ्यात मारला. गॅलरीत आरडाओरडा. आणि पडद्यावर, मैदानाच्या कडेला, एक झेंडा वर. गोल रद्द. मग टीव्हीवाल्यांनी तो क्षण सावकाश, तीन-तीन बाजूंनी दाखवला. पोरगा मागे होता. माझ्यासारख्या भूगोलवाल्यालाही दिसत होतं, की तो चांगला हातभर मागे होता.

"ब्लाइंड आहे का हा माणूस!" खिडकीतून एक जर्सी ओरडली. "काय क्लिअर ऑनसाइड होता यार! हाकलून द्या त्याला!"

कात्रजकर खिडकीकडे वळले. "गप्प बसा," ते म्हणाले. "त्याच्या डोळ्यांवर ऊन आहे."

खरंच होतं. पडद्यावरच्या त्या लाइन्समनचे डोळे किलकिले झाले होते आणि कपाळावर आडवा हात होता. भावजी पडद्याकडेच बघत होते. मग टीव्हीलाच सांगावं तसं ते म्हणाले, "त्या दिवशीही होतं."

मी जागच्या जागी आक्रसलो. सव्वीस वर्षांची ती वीत, शंकरपाळ्याचा तो चेंडू, लग्नातला नॅपकिन, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ज्यानं एकदा न बघता हात वर केला, त्याला पुढे जन्मभर बघून बघून हात वर करावा लागला होता. आणि मी या माणसाला वर्षानुवर्षं हसत आलो होतो.

"मला दिसलं नाही," भावजी म्हणाले. "काहीच दिसलं नाही. हात वर गेला."

"ठाऊक आहे," कात्रजकर म्हणाले. "ऊन माझ्या पाठीवर होतं. तुझं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. झेंडा दाखवलास त्याचा राग नव्हता रे. दिसलं नाही, एवढं म्हणायला सव्वीस वर्षं लावलीस?"

डोंगरवाले पेनल्टींवर हरले. ते कोणीच नीट बघितलं नाही. ताईंनी पोहे आणले, पोरांना गॅलरीतून आत घेतलं, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या तक्त्यातल्या चुकीवरून दोघांचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं, की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

भावजी अमेरिकेला गेले. जाताना त्यांनी भिंत रिकामी केली आणि एक गुंडाळी माझ्याकडे दिली, नेहमीसारखी, कात्रजला द्यायला. मी भूगोलाचा मास्तर असलो तरी माणूस आहे. बसमध्ये ती उघडून बघितली. सव्वीस वर्षांपूर्वीचा तक्ता होता, कडा पिवळ्या पडलेल्या. उपांत्यपूर्व फेरीच्या चौकटीतलं "गोल रद्द" हे ताज्या शाईनं खोडलेलं होतं आणि तिथून खडकीची एक नवी हिरवी वाट निघाली होती. ती उपांत्य फेरीपर्यंत जात होती. तिथे चौकट आखलेली होती आणि आत काही लिहिलेलं नव्हतं. पुढे अंतिम सामन्याकडे वाट नेण्याचा मोह त्यांना झाला असणार, पण न बघितलेलं लिहायचं नाही, एवढं ते आता शिकले होते.

कात्रजकरांनी दार अर्धं उघडलं. गुंडाळी सोडली, उभ्या उभ्या बघितली. त्या रिकाम्या चौकटीवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

मी सवयीनं चपलांच्या स्टँडकडे हात केला. "ठेवू तिथे?"

"नको," ते म्हणाले, आणि दार पूर्ण उघडलं. "आत या. भिंतीवर लावायला एक माणूस लागेल."