गस्त माझ्यासाठी थांबली होती

उत्तरेकडच्या त्या पोस्टवर मी सुभेदार होतो, पोस्ट कमांडर. उंची साडेचौदा हजार फूट, माणसं सोळा. कंपनी कमांडर खाली बेसवर, एका दिवसाच्या चालीवर. वर मीच मालक.

माझी शिस्त कडक होती आणि मला तिचा माज होता. रॉकेलचा डबा फोडायचा तरी मला विचारून. गस्त निघण्याआधी प्रत्येकाचे बूट, दोर, रेडिओ मी स्वतः तपासणार, तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही, हा नियमही माझाच. आधीचा कमांडर ते काम गस्तीच्या प्रमुखावर सोडायचा. मला तो ढिलेपणा वाटला.

गस्तीचा प्रमुख नाईक भटू. माझ्याच शहादा तालुक्यातला, तापीकाठचा. दोघंच असलो की आम्ही अहिराणी बोलायचो. वाटेत बर्फाचा एक नाला होता. सातला त्यावर ऊन पडायचं आणि वरचा बर्फ सैल व्हायचा. म्हणून गस्त सव्वापाचला निघून साडेसहाच्या आत नाला ओलांडायची. हे सगळ्यांना पाठ होतं. मलाही.

त्या सकाळी पाचला चौघं तयार उभे होते. तेवढ्यात बेसवरून रेडिओ आला. मोठे साहेब भेटीला येणार होते, स्टोअरची यादी हवी होती.

"दोपहर तक भेजो. ओव्हर."

दुपारपर्यंत वेळ होता. मी तेव्हाच लिहायला बसलो. काम हातावेगळं करायची मला भारी हौस.

पावणेसहाला भटू बंकरच्या दारात आला.

"साहेब, टाईम व्हई ऱ्हायना. निंघूत का?"

हुकूम देताना मी अहिराणी सोडायचो. "चेक करूंगा, फिर जाना. इंतजार करो."

"जी साहब." तो जाऊन रांगेत उभा राहिला.

सहा दहाला मी बाहेर आलो. बूट, दोर, रेडिओ, सगळं चोख होतं. तेव्हाही गस्त रद्द करता आली असती. पण अहवालात कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण मीच होतो. मी म्हणालो, "जल्दी निकलो."

सात अठराला भटूचा आवाज आला. "नाले पर पहुंचे. धूप आ गई है. ओव्हर."

"एक एक करके क्रॉस करो. ओव्हर."

"रॉजर."

पहिला तोच उतरला. बाकी तिघं काठावर होते म्हणून वाचले. सात पंचवीसला त्यांच्यातला एक बोलला. "उस्ताद को बर्फ ले गया. ओव्हर."

मी शोधपथक पाठवलं, बेसला कळवलं. मग यादी पूर्ण केली. ती दुपारच्या आत गेली. मला रडू आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

चौकशीत मी सगळ्या वेळा खऱ्या सांगितल्या. नैसर्गिक हिमस्खलन, अशी नोंद झाली.

आता मी निवृत्त आहे. मागच्या महिन्यात धडगावला सरपंचांच्या शिबिरात मला वेळेच्या नियोजनावर बोलायला बोलावलं. एका सरपंचबाईंनी विचारलं, "दिवस पुरतच नाही, काय करावं?" मी त्यांना विचारलं, "तुमच्या सहीसाठी आत्ता दारात किती जण उभे असतील?" मग मी हे सगळं सांगितलं. माझा वेळ मी उत्तम वापरला होता, गेला तो भटूचा, असंही म्हणालो.

त्याच बाईंनी पुन्हा विचारलं, "त्याच्या आईला हे सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं मी दर वर्षी तिच्या घरी जातो, चहा पितो, परत येतो. मला लाज वाटली.

शिबिर संपताच जीपने घाट उतरलो आणि शहाद्याहून थेट तिच्या गावी गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. मी मिनिटांसकट सांगितलं. गस्त तयार होती. भटू विचारायला आला होता. मीच थांबवलं.



"मंग तो काय बोलना?" तिने विचारलं.

"जी साहब म्हणाला. आणि जाऊन उभा राहिला."

"घरमा दोन मिनिट एक जागावर नई थांबे तो," ती म्हणाली. "मन्हं त कधी आयकं नई त्यानी. तुम्हनं आयकं."