पूजेत बसलेला कारखाना

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. टोपी उतरवून कित्येक वर्षं झाली. रक्तदाबाची गोळी रोज घेतो. पण रस्त्यात कुठं 'येथे भव्य कारखाना होणार' असा फलक दिसला, की बायको आधी माझा दंड धरते आणि मग रिक्षावाल्याला म्हणते, "जरा जोरात घ्या हो."

तेव्हा लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा इतका ताजा, की कचेरीच्या पाटीला टेकलं तर पाठीला रंग लागायचा. कपाट इथं आणि त्याची किल्ली अजून उस्मानाबादला, अशी तऱ्हा. त्यात दुष्काळ. आमच्या ठाण्यातल्या रांजणावर मी एक शिपाई पहाऱ्याला ठेवला होता, आणि त्या शिपायावर नजर ठेवायला दुसरा. खोटं वाटत असेल तर त्या वर्षीची स्टेशन डायरी काढून बघा. वाळवीनं ठेवली असेल तर सापडेल.

मी लातूरला फौजदार होतो. गावोगाव रोजगार हमीवर माणसं खडी फोडत होती आणि एकमेकांना सांगत होती, 'नवा जिल्हा झालाय, आता कारखाने येतील, खडी सुटंल.' सरकारनंही मागास भागात कारखाना काढणाऱ्याला अनुदान आणि विक्रीकरात माफी जाहीर केली होती. योजना चांगली होती. पण गुळाची ढेप उघडी ठेवली की मुंगळ्यांना आमंत्रण धाडावं लागत नाही.

एके दिवशी सकाळची हजेरी संपली आणि एक बाई ठाण्यात आली. वय चाळिशीचं, पायात वहाण नाही, हाताला खडीचे घट्टे. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावाहून पहिल्या एसटीनं आलेली. नाव सांगत नाही, मावशीच म्हणू. ठाणे अंमलदारानं विचारलं, "काय फिर्याद आहे?"

"सायेब, मी तीन कारखान्यांत कामाला हाय."

अंमलदार हसला. "मग पेढे आणायचे, मावशी. इथं लोकांना एक नोकरी मिळंना."

"पेढे कुठले आणू? तिन्ही कारखान्यांत मिळून आजवर चार दिस काम झालं. काम तरी काय? निळं लुगडं नेसायचं आन मशीनपाशी हुबं ऱ्हायचं. मोठे सायेब जीपमधून येतेत, बघतेत, जातेत. ते गेले की लुगडं काढून घेतेत आन म्हंतेत, जा घरला. तिकडं खडीवरची हजेरी बुडती ती येगळीच."

मी माझ्या खोलीतून ऐकत होतो. उठून बाहेर आलो.

तिची हकिगत अशी. शहरातल्या एका शेठनं तिच्या गावात डाळीचा कारखाना काढायचं ठरवलं होतं. रस्त्याला लागून मावशीचा एक एकर. तिचा नवरा दम्यानं खाटेला खिळलेला. शेठ म्हणाला, 'जमीन दे, घरातल्या एकाला कायमची नोकरी.' त्या आशेवर तिनं मातीमोलानं एकर लिहून दिला. तिथं पत्र्याची शेड उभी राहिली, सिमेंटचा चौथरा झाला, चौथऱ्यात चार बोल्ट रोवले, फलक लागला. आणि मग नोकरी म्हणजे हे निळं लुगडं. कधी तिच्याच गावात, कधी ट्रॅक्टरमधून औशाला, कधी लातूरला.

"आन सायेब," ती पुढं सरकून म्हणाली, "तिन्हीकडं मशीन एकच हाय."

"कशावरून?"

"अवो, आपला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधला तर वळखत न्हाई का माणूस? त्या मशीनच्या पोटाला पोचा हाय, डाव्या अंगाला. शिरूरला बी, औशाला बी, लातूरला बी."

मी विचारलं, "तुला पाहिजे काय?"

"नोकरी. ती नसंल तर माझा एकर. दुसरं काय बी नगं."

मी उद्योग खात्याच्या कचेरीत गेलो. एक अधिकारी, एक कारकून, एक जीप, एवढाच सगळा पसारा. अधिकारी पुण्याकडून नव्यानं आलेला तरुण, शर्टाला कडक इस्त्री. त्यानं तीन फायली माझ्यापुढं ठेवल्या. तीन कारखाने, तीन मालक: शेठ, शेठचा मेव्हणा आणि शेठची बायको. प्रत्येक फाईलमध्ये यंत्राचा फोटो. मी भिंग मागवलं. तिन्ही फोटोंत यंत्राच्या पोटाला डावीकडं पोचा.

"फौजदारसाहेब, कागद चोख आहेत," तो म्हणाला. "मी स्वतः तिन्ही ठिकाणी यंत्र पाहिलंय."

"एका दिवशी पाहिलंत का?"

त्यानं दौऱ्याची वही उघडली. तिन्ही तारखा वेगळ्या. एका जीपनं एका दिवशी एकच गाव होई. शिवाय तपासणीचं पत्र पंधरा दिवस आधी जाई, आणि पत्राच्याही आधी कारकून शेठच्या पेढीवर जाई. यंत्र ट्रकवर चढवून दुसऱ्या गावी बोल्टांवर बसवायला सहा तास पुरत. फोटोतल्या पोचावर गुन्हा उभा राहत नाही. वकील म्हणेल, एकाच कंपनीची यंत्रं आहेत, पोचेही एकाच कंपनीचे. यंत्र पळू शकणार नाही असा दिवस मला पाहिजे होता. मी दोन आठवडे डोकं खाजवलं. तेव्हा होते तेवढे केस त्याच पंधरवड्यात गेले.

तो दिवस मला सापडला तो माझ्याच ठाण्यात. खंडेनवमी होती. सकाळी मी बंदोबस्ताला निघालो आणि हवालदाराला म्हणालो, "रायफल काढा."

हवालदार जागचा हलला नाही. शस्त्रागारात सगळ्या रायफली ओळीनं मांडलेल्या, हळदकुंकू लावलेलं, नळीनळीवर झेंडू.

"सायेब, पूजेत बसल्यात. उद्या दसऱ्याला सोनं वाटल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"आणि आज दरोडा पडला तर?"

"दरोडेखोर बी हत्यारं पूजून बसले असतील की, सायेब."

मी असा ओरडलो, की रांजणावरचा शिपाई दचकून रांजणाला चिकटला. रागानं नव्हे. मला माझा दिवस सापडला होता! आमच्या भागात खंडेनवमीला कुऱ्हाडीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं पूजतात, आणि पूजेत बसलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हलवत नाही. हलवणाऱ्याच्या हाताला यश राहत नाही, असं मानतात.

त्याच हवालदाराला साध्या वेशात शेठच्या लातूरच्या शेडवर धाडलं. तो तासाभरात ओठाला खोबरं लावून परत आला. "यंत्र हितंच हाय. आप्पांनी नारळ फोडला."

आप्पा म्हणजे शेठचा मिस्त्री, उदगीरकडचा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. महादेवाला पाणी घातल्याशिवाय पाना न उचलणारा म्हातारा. मी हवालदाराला पुन्हा तिकडंच बसवलं आणि थेट अधिकाऱ्याकडं गेलो. "आज दुपारी तीनला शिरूरची तपासणी लावा. पत्र आत्ता काढा, आणि कारकुनाच्या हातानंच पाठवा."

"पण तो शेठला सांगेल!"

"सांगू द्या. नाही सांगितलं तर मीच सांगेन."

पुढचं हवालदारानं डोळ्यांनी पाहिलेलं. शेठ धावत शेडवर आला. "आप्पा, बोल्ट खोला! शिरूरला न्यायचंय."

आप्पा हात जोडून म्हणाले, "आज न्हाई, मालक. पूजेत बसलंय."

"दुप्पट मजुरी देतो."

"तुम्ही काय बी द्या, माझा हात झडला तर तो कुठल्या बाजारात भेटतो?"

शेठ हमालांकडं वळला. हमाल आप्पांच्या मागं जाऊन बसले. ट्रकवाल्याकडं वळला, तर तो म्हणाला, "मालक, ट्रकबी पूजेत हाय. चाकाखाली लिंबू ठिवलेत." शेठनं स्वतः पाना उचलला. आयुष्यात पाना धरलेला नाही, तो पायावर पाडून घेतला आणि लंगडत जीपमध्ये चढला.

तीन वाजता आम्ही शिरूरच्या शेडवर पोचलो. तिथल्या चौकीला आधी कळवलं होतं. गावातले दोन पंच सोबत होते. शेडमध्ये वीस बाया निळ्या लुगड्यांत ओळीनं उभ्या, त्यांत आमची मावशी. आणि चौथऱ्यावर ताडपत्रीखाली बांधलेलं काहीतरी, चांगलं पुरुषभर उंचीचं. शेठ दारातच लंगडत सामोरा आला. चेहऱ्यावर अशी भक्ती, की त्यालाच हार घालावासा वाटला.

"साहेब, माफ करा. आज खंडेनवमी. यंत्र पूजेत बसलंय, ताडपत्री काढता येत नाही. आमची श्रद्धा आहे."

बघा, काय बेरकी माणूस! ज्या रिवाजानं त्याला अडवलं, तोच पुढं करून तो आम्हाला अडवत होता. पुण्याकडचा अधिकारी माझ्याकडं पाहायला लागला. धर्माचं नाव आलं की सरकारी माणूस दोन पावलं मागं सरतो. खरं सांगतो, क्षणभर मीही सरलो. ताडपत्री ओढावी आणि खाली खरंच काही पूजलेलं निघावं, तर गाव माझ्या अंगावर आलं असतं.

ओळीतून मावशी पुढं आली. शेठ गुरगुरला, "ए, जाग्यावर ऱ्हा! एकर पाहिजे ना?"

ती थांबली. तिचं सगळं त्या एका शब्दात होतं. मग तिनं कमरेची कुंकवाची पुडी काढली.

"शेठ, आमी ह्या मशीनवर नोकरीला हाव. नवमीला आमी बायांनी हळदकुंकू न्हाई लावायचं तर कुणी? आन पूजेतला देव असा झाकून, बांधून ठिवतेत व्हय? चोरीचा हाय का त्यो?"

बाया हसल्या. मावशी चौथऱ्यावर चढली आणि कुंकू लावायला म्हणून तिनं ताडपत्री वर केली. दोरी सुटली.

आत कडबा! पेंढ्यांवर पेंढ्या रचून यंत्राचा आकार दिलेला. वर उपडं घमेलं, बाजूला पोचा म्हणून ठोकून वाकवलेला पत्रा. पोचासुद्धा विसरला नव्हता गडी! आणि दुष्काळात कडबा म्हणजे सोनं. वास गेला आणि पंचनामा लिहून होईस्तोवर गावची दोनशे जनावरं शेडमध्ये शिरली. पाऊण कारखाना त्यांनी जागेवर खाल्ला. उरलेला पाव मी लाठी घेऊन मुद्देमाल म्हणून वाचवला, आणि रात्रभरात तोही तिथल्याच चौकीच्या घोड्यानं संपवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात शेठची जबानी घेतली. मला वाटलं होतं रडेल. तो चहा पीत म्हणाला, "साहेब, मी फसवलं कुणाला? सरकारला वर कळवायला कारखाने पाहिजे होते, मी दाखवले. पुढाऱ्याला फीत कापायला दार पाहिजे होतं, मी उभं केलं. त्या कचेरीत कुणी एकानं तरी विचारलं का, की इथली डाळ कुठाय?"

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. इतका राग मला कुणाचा आला नाही. कारण त्याचं शेवटचं वाक्य खरं होतं.

त्याच जबानीत मी त्याच्यापुढं एकराचा विषय काढला. फसवणुकीच्या आणखी एका कलमाची ओळख करून दिली. आठ दिवसांत मावशीचा एकर तिच्या नावावर परत झाला. बाकी काय झालं, तेही सांगतो. खटला इतकी वर्षं चालला, की पहिल्या तारखेला काळ्या मिशांचा असलेला सरकारी वकील शेवटच्या तारखेला कवळी लावून उभा होता. शेठला कोर्ट उठेपर्यंत उभं राहायची शिक्षा आणि दंड. कारकुनाला बढती. मला नांदेडकडं बदली. आणि त्या तिन्ही गावांवर 'येथे गैरव्यवहार आढळला' असा शेरा मारून त्यांची नावं उद्योगांच्या यादीतून काढून टाकली. म्हणजे चोरी शेठनं केली आणि उपाशी गावं ठेवली!

काही वर्षांनी कामानिमित्त लातूरला आलो होतो, तेव्हा मुद्दाम शिरूरच्या त्या रस्त्यानं गेलो. मावशीच्या एकरात शेड नव्हती. चौथरा होता, चार गंजके बोल्टही होते. त्या चौथऱ्यावर तिनं तीन दगडी जाती मांडली होती. सून आणि गावातल्या चार बाया तूर भरडत होत्या.

"सायेब, बसा," ती म्हणाली. "आता ह्यो माझा कारखाना. ह्या पाची जणी पगारी हायेत, बरं का. निळं लुगडं न्हाई, पर रोजच्या रोज धान्य मिळतं."

मला एवढं बरं वाटलं, की पुढच्या बाजारी तिच्यासोबत लातूरपर्यंत जायचं ठरवलं. ती डोक्यावर डाळीची पाटी घेऊन एसटीतून उतरली. जकात नाक्यावरच्या माणसानं काठी आडवी केली.

"काय हाय पाटीत? डाळ? पावती फाड."

मी पुढं होऊन माझं ओळखपत्र काढणार, तेवढ्यात मावशीनं कमरेची पुरचुंडी सोडून जकात दिली आणि पावती नीट घडी करून ठेवली.

मी विचारलं, "मावशी, राग येत नाही?"

"येतो की. पर सायेब, ज्यानं कडब्याचं मशीन केलं त्याला सरकारनं कर माफ केला. माझ्याकडून घेत्यात, म्हंजे माझा कारखाना खरा हाय."

या प्रकरणातून मी काय शिकलो, असं लोक विचारतात. शिकलो एवढंच, की ज्या जिल्ह्यात खोटा कारखाना करमुक्त असतो आणि खऱ्या पाटीवर जकात लागते, तिथं लाठी कुणावर उगारायची हे फौजदाराला कळत असतं. फक्त तो पत्ता त्याच्या हद्दीत येत नाही.