पाय धुण्याचा रविवार

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुण्याची रीत आहे. वर्षातून दोनदा: एकदा उन्हाळ्यात, पुनरुत्थानाच्या सणाआधी, आणि एकदा धान घरात आल्यावर. पुरुष पुरुषांचे धुतात, बाया बायांचे. जिची धुवायची पाळी असेल तिने कमरेला पंचा बांधायचा, खाली बसायचं, डाव्या हाताने समोरच्या बाईची पोटरी धरायची आणि उजव्या हाताने जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, घमेल्यात तिचे पाय धुवायचे. मग पुसायचे, उठून मिठी मारायची आणि जागा बदलायची. हे सगळं होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. एरवी आमच्या चर्चमध्ये इतकी कुजबुज चाले की पाळकसाहेब प्रवचनात दोनदा थांबत. त्या अर्ध्या तासात मात्र फक्त पाण्याचा आवाज.

माझी जोडी मायशी. बाप्तिस्मा घेतल्यापासून तीच. तिला दुसरी जोडीदारीण नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मंडळीतल्या प्रत्येकाने काहीतरी सेवा उचलायची असा आमच्याकडे नेम होता. कोणी चर्च झाडी, कोणी आजाऱ्यांच्या घरी भात पोचवी. मिशनच्या दवाखान्यामागे टिनाची शेड होती, तिथे दर बुधवारी रक्तपितीचे, म्हणजे कुष्ठाचे, रोगी येत, सावली गावाकडून, वैनगंगेपलीकडून, पायी. त्यांच्या जखमा धुवायची सेवा कोणी घेईना, म्हणून बाबा वारल्यानंतरच्या वर्षी मायने घेतली. बाया प्रार्थनेत तिचं नाव घेत, आणि पाय धुण्याच्या रविवारी तिच्या बाकावर बसत नसत. माय हसून म्हणे, "माही पोरगी हाय म्हनून बरं. नाई तं मले घमेल्यालेच मिठी मारा लागली असती."

शेडमध्ये तिचं आणखी एक काम असे. नवा माणूस आला की त्याला डोळे मिटायला सांगायचं, अंगावरच्या चट्ट्यावर कोंबडीचं पीस टेकवायचं आणि विचारायचं, "कुठी लागलं, सांग." ज्याला सांगता आलं नाही त्याला ती आधी बसवून पाणी पाजी, मग डॉक्टरांकडे नेई. मी सुट्टीत तिच्यासोबत गेले की दारातच उभी राहत असे. आत यायला ती मला कधी म्हणाली नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच; मिशनच्याच बोर्डिंगात राहत असे. दुसऱ्या वर्षी, धान निघाल्यावर, नागभीडला छोटी गाडी बदलून मी मूल स्टेशनावर उतरले. माय न्यायला आली होती. गावाच्या वाटेवर बोलत चाललो असताना मागे पाहिलं तर तिची एक चप्पल दहा-बारा पावलं मागे पडलेली, आणि ती तशीच चालत होती.

"माय, चप्पल!"

"हाव वं, खरंच की," ती म्हणाली. "तुह्या गोष्टीत ध्यानच नाई राह्यलं."

मी हसले. चप्पल आणून तिच्यापुढे ठेवली. ती मात्र हसली नाही, हे मला आज आठवतं.

तो रविवार कडाक्याच्या थंडीचा होता. चर्चच्या वडीलमंडळींपैकी एकांची बायको मोठ्या गंजात पाणी तापवून प्रत्येक घमेल्यात ओतत चालली होती. तिच्यामागून दुसरी बाई थंड पाण्याची बादली घेऊन येई आणि ते निववी. आमच्या बाकापाशी आल्यावर तिला वाटलं असावं की आमचं घमेलं निववून झालंय. ती तशीच पुढे गेली. मी ते पाहिलं. विचारावं असं मनात आलं, पण बोलायचं नव्हतं. तेवढ्यात मायने डोळे मिटून उजवा पाय घमेल्यात ठेवला, अगदी स्वस्थ. मला वाटलं, पाणी ठीकच असणार.

मी डाव्या हाताने तिची पोटरी धरली आणि उजवा हात पाण्यात घातला.

पाणी कढत होतं. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि त्या शांततेत सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. घमेल्यातून वाफ निघत होती, तिच्यात मायचा पाय, आणि माय डोळे मिटून प्रार्थना करत होती.

मला ते कोंबडीचं पीस आठवलं.

उजवा हात भाजला म्हणून मी मागे घेतला, त्यात माझा दोष नाही. डावा हात भाजला नव्हता. त्याने मला तिचा पाय उचलून बाहेर काढता आला असता. मी तो हातही काढून घेतला, आणि दोन्ही हात छातीशी धरून तिच्यापुढे उकिडवी बसून राहिले.

मायने डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाय तिनेच बाहेर काढला. घोट्यापर्यंत लाल झाला होता. तो घमेल्यावर अधांतरी धरून ती थांबली, मी पुसावा म्हणून. मी कमरेचा पंचा सोडला आणि तिच्या हातात दिला.

तिने स्वतःचा पाय स्वतः पुसला. मिठी मारायला मी उठले नाही. थोड्या वेळाने प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आमच्या बाकापर्यंत आलं, तेव्हा मायने तुकडा न घेता ते पुढे दिलं. मी घेतला. का घेतला, मला सांगता येत नाही.

बाहेर चिंचेखाली बाया जमल्या. गंजवाली बाई रडवेली झाली होती. "काऊन वं बाई, आमाले आधी सांगतलं नाई?"

माय म्हणाली, "तुमी माह्या बाजूले कवा बसल्या, तं सांगू?"

पाळकसाहेब मधे पडले. आता गोळ्या निघाल्या आहेत, घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी दोन-तीनदा समजावलं. ते खरंच चांगले होते. पण त्या दुपारी आमच्याकडे कोणी आलं नाही.

घरी मी तिच्या पायाला तेल लावायला घेतलं. तिने वाटी माझ्या हातातून काढून घेतली.

"कवापासून, माय?"

"मागच्या धानापासून. पीस मीनंच लावून पाह्यलं."

"मग गोळ्या काऊन नाई घेतल्या? दर बुधवारी दुसऱ्याइले तूच देते ना?"

"डॉक्टरच्या वहीत माहं नाव गेलं असतं. तुह्या बोर्डिंगवाल्याइले समजलं असतं. तुले घरी धाडलं असतं, तं? तुही परीक्षा होऊ दे म्हनलं."

बुधवारी तिने मला गाडीत बसवून दिलं. फलाटावर ती चार हात दूर उभी राहून हात हलवत होती, आणि मी खिडकीतून तिला जवळ ये म्हणाले नाही.

भाजलेली जखम चिघळली. तिला रोग्यांच्या वसाहतीत न्यावं लागलं. तिथे उजव्या पायाची दोन बोटं काढली. बोर्डिंगमध्ये मला कोणी विचारलंसुद्धा नाही. ज्या भीतीपोटी तिने वर्षभर लपवलं, ती अशी फुकाची निघाली.

उन्हाळ्यात, सणाआधीच्या रविवारी, मी वसाहतीत गेले. तिथे मोहाच्या झाडाखालीच उपासना होती, आणि पाय धुणंही होतं. कोणाची बोटं नाहीत, कोणाला पंचा बांधता येत नाही, एकमेकांना बांधून देत होते. बाहेरून आलेली मी एकटीच. मायने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग जरा सरकून बाकावर जागा केली.

मी पंचा बांधून खाली बसले. घमेल्यात आधी हात बुडवून पाहिला. थंड पाणी होतं, तरी पाहिला. तिच्या घोट्यापाशी डावा हात ठेवला आणि पाय धुवू लागले. बोटं गेलेल्या जागेची नवी कातडी हाताला फार मऊ लागत होती. मायने डोळे मिटले होते. मी धुतच राहिले.

बऱ्याच वेळाने, बोलायचं नसतानाही, ती हळूच म्हणाली, "सुरू केलं का वं?"

"हाव माय. धुवून राह्यली."

मग डोळे न उघडता ती म्हणाली, "त्या दिवशी तुहा हात सुटला, तो समजला होता मले. तवा पोटरीत जीव होता."

माझा हात अजून घोट्यापाशीच होता. मी तो वर नेला, पोटरीवर. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. आणखी वर नेला. मला विचारायचं होतं, तिच्याच शब्दांत, कुठे लागलं ते सांग म्हणून. त्याऐवजी हात वर सरकवत राहिले. हात गुडघ्याच्या खाली पोचला तेव्हा ती "हं" म्हणाली.

डावा हात तिथेच ठेवून मी दुसऱ्या हाताने तिचे पाय धुतले.